अभ्यासक्रमाचे निर्वसाहतीकरण आणि आदिवासी मौखिक परंपरा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ ही संज्ञा आपल्या शैक्षणिक व्यवहारात रूढ झाली. या धोरणाच्या शालेय शिक्षणविषयक भागात भारतीय ज्ञानप्रणालीचा विचार करताना आदिवासी ज्ञान आणि अध्ययनाच्या देशज पद्धती यांचाही अंतर्भाव करावा, असे स्पष्टपणे सुचविलेले आहे. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या रचनेचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. त्यात भारतीय ज्ञानप्रणालीसाठी दोन श्रेयांकांची तरतूद झाली. परिणामी अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांसमोर एक प्रश्न उभा राहिला आहे. शिक्षणाचे निर्वसाहतीकरण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? पाठ्यपुस्तकातील एक लेखक काढून दुसरा घालावयाचा, एक अभ्यासपत्रिका वाढवावयाची, की ज्ञान कशाला म्हणावे याचा निकषच तपासावयाचा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रातील आदिवासी मौखिक परंपरेच्या संदर्भात केली आहे. आदिवासी गीते, कथा, चित्रे आणि कविता आपल्या अभ्यासक्रमांत आज अगदीच नाहीत असे म्हणता येणार नाही. तथापि ती ज्या चौकटीत येतात ती चौकट वसाहतकाळात घडलेली आहे आणि ती तशीच ठेवून केलेला समावेश हा निर्वसाहतीकरणाचा केवळ आभास ठरतो, हे या लेखाचे प्रतिपादन होय. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इंग्रजीच्या जागी मराठी आणली की आपला वासाहतिक भूतकाळ पुसला जातो, अशी आपली एक सोयीची समजूत असते. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडमधील माडिया मुलाच्या दृष्टीने मात्र मराठी हीच शाळेची, कचेरीची आणि परीक्षेची परकी भाषा असते. निर्वसाहतीकरणाचा विचार या मुलाच्या जागेवरून केला म्हणजे त्याचे स्वरूप बदलते.

भाषा की बोली?

आपल्या भाषाविज्ञानाच्या अनेक प्रश्नपत्रिकांत ‘महाराष्ट्रातील आदिवासी बोली’ असा एक घटक असतो. त्यात वारली, कातकरी, भिली, गोंडी, कोरकू आणि कोलामी यांची नावे एका ओळीत येतात, आणि या साऱ्या मराठीच्याच बोली होत असा विद्यार्थ्याचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुलातील भाषा आहेत. कोरकू ही मुंडा भाषांपैकी, म्हणजे संताळी आणि मुंडारी यांच्या कुटुंबातील भाषा आहे. भिली भाषासमूह इंडो-आर्य असला तरी गुजराती आणि राजस्थानीशी त्याचे निकटचे नाते आहे. याचा अर्थ एवढाच की महाराष्ट्रात किमान तीन भिन्न भाषाकुले नांदत असून आपण त्यांना ‘बोली’ या एकाच नावाखाली मराठीच्या पंक्तीत शेवटी बसविले आहे.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांचे भारतीय भाषा सर्वेक्षण हे वासाहतिक राजवटीचे अपत्य. या सर्वेक्षणाच्या १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात मुंडा आणि द्राविडी भाषांचा विचार असून कोरकू आणि गोंडी यांची नोंद त्यात केलेली आहे. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये, तर भिली भाषांचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रियर्सन यांच्या वर्गीकरणावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतले गेलेही आहेत. परंतु गोंडी ही मराठीची बोली नव्हे, हे एका आयरिश सनदी अधिकाऱ्याने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी नोंदविलेले सत्य आपल्या वर्गांत आजही पुरेसे पोहोचलेले नाही. ही चूक इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. ती आपली आहे.

प्रमाण मराठीची घडणही या संदर्भात पाहावी लागते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांचे मराठी गद्य घडत गेले. पुण्याच्या शिष्ट वर्गाची भाषा हा त्या गद्याचा पाया होता. अर्थात त्यामुळे प्रमाण मराठी त्याज्य ठरत नाही. या गद्यानेच पुढे समाजसुधारणेचे आणि स्वातंत्र्याचे विचार वाहिले. मुद्दा असा की शाळेची मराठी ही इंग्रजीच्या पूर्वीची निर्मळ स्वभाषा नाही. तीही वासाहतिक शिक्षणव्यवस्थेत घडलेली, एका वर्गाला जवळची आणि इतरांना दूरची अशी भाषा आहे.

संख्येची बाजूही उपेक्षणीय नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९.४ टक्के होती. त्याच जनगणनेत भिली ही मातृभाषा सांगणारे देशभरात १ कोटींहून अधिक, गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख आणि कोरकू सांगणारे ७ लाखांहून अधिक होते. यांपैकी एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संताळी आणि बोडो यांना त्या अनुसूचीत स्थान मिळाले. भिली आणि गोंडी बाहेरच राहिल्या. भाषेचे स्थान बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, तर ती भाषा कोणाच्या हाती आहे यावर ठरते, हे यावरून दिसते.

नैरोबीचा धडा

अभ्यासक्रमाच्या निर्वसाहतीकरणाची चर्चा करताना नैरोबी विद्यापीठातील घटनेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. २४ ऑक्टोबर १९६८ रोजी न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युंबा आणि ताबान लो लियाँग या तीन अध्यापकांनी इंग्रजी विभाग बंद करण्याची मागणी करणारे एक टिपण सादर केले. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात काही आफ्रिकी लेखकांची भर घालावी, असा प्रस्ताव त्या वेळी पुढे होता. या तिघांनी ती भर नाकारली. इंग्रजी साहित्य मध्यभागी ठेवून आफ्रिकी साहित्य त्याला जोडण्याऐवजी आफ्रिका मध्यभागी ठेवावी आणि इतर साहित्ये तिच्याशी असलेल्या संबंधानुसार शिकवावीत, अशी त्यांची भूमिका होती. मौखिक परंपरेला त्यांनी या नव्या केंद्रात महत्त्वाचे स्थान दिले. युगांडाचे भाषाभ्यासक पिओ झिरिमू यांनी मौखिक वाङ्मयासाठी ‘ऑरेचर’ ही स्वतंत्र संज्ञा सुचविली तीही याच वैचारिक वातावरणात.

या घटनेपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे अभ्यासक्रमाचा प्रश्न यादीपुरता नसून केंद्राचा आहे. दुसरी गोष्ट कमी वेळा सांगितली जाते. नैरोबीत केंद्र बदलले तरी अध्यापनाची भाषा इंग्रजीच राहिली. गिकुयू किंवा लुओ भाषेतील मौखिक वाङ्मय इंग्रजीतून शिकविले जात राहिले. न्गुगी यांना ही मर्यादा जाणवली. १९७७ मध्ये कामिरीथू येथील ग्रामस्थांसोबत गिकुयू भाषेत नाटक केल्यानंतर त्यांना तुरुंगवास घडला, आणि १९८६ च्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ या ग्रंथात त्यांनी भाषेचा प्रश्न निर्वसाहतीकरणाच्या मुळाशी नेऊन ठेवला. २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

आपल्याकडे या स्वरूपाची मांडणी देशीवादाने केली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ (१९९०) या ग्रंथातील लेखनाने इंग्रजी साहित्याच्या छायेखाली वाढलेल्या मराठी समीक्षेला तिच्या परावलंबनाची जाणीव करून दिली. हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ‘देशी’ म्हणजे कोणाचे देशी? मराठीच्या संदर्भात महानुभाव, वारकरी आणि शाहिरी परंपरा देशी ठरतात. गोंडी किंवा कोरकू परंपरेला या देशीच्या अंगणात प्रवेश मिळतो तो बहुधा ‘लोकपरंपरा’ या नात्याने. एक केंद्र हलवून दुसरे स्थापन झाले, परंतु केंद्र आणि परीघ ही रचना तशीच राहिली, अशी टीका देशीवादावर करता येईल. भारतीय ज्ञानप्रणालीच्या अभ्यासपत्रिका आखतानाही हीच शक्यता संभवते. संस्कृत शास्त्रग्रंथांना एकामागून एक स्वतंत्र घटक आणि आदिवासी ज्ञानाला शेवटच्या घटकातील एक टीप, असे वाटप झाले तर धोरणाचा शब्द पाळला जाईल, आशय नव्हे.

फुले यांची साक्ष

अंतर्गत वसाहतीचा हा प्रश्न आपल्या परंपरेत प्रथम स्पष्टपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या श्रमातून येणाऱ्या महसुलाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, या अन्यायाकडे त्यांनी लक्ष वेधले. या निवेदनाचे स्मरण आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी करतो. परंतु ते अभ्यासक्रमाविषयीचेही निवेदन आहे. शिक्षक शक्यतो शेती करणाऱ्या वर्गांतून यावेत, अभ्यासात मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्यासोबत शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशा सूचना त्यात आहेत. कोणी शिकवावे आणि काय शिकवावे हे प्रश्न फुले यांनी एकत्र पाहिले.

फुले यांच्या विचारपद्धतीतील आणखी एक अंग समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात बळीराजाचा इतिहास मांडताना त्यांनी सणावारी बळीच्या राज्याची कामना करणाऱ्या स्त्रियांच्या उक्तीचा, ग्रामदैवतांचा आणि रूढींचा पुरावा म्हणून उपयोग केला. त्यांच्या निष्कर्षांशी इतिहाससंशोधक सहमत होतीलच असे नाही. तथापि शेतकरी स्त्रीच्या तोंडची उक्ती ही मनोरंजक लोकवाङ्मय नसून इतिहासाविषयीचे विधान आहे, तिला युक्तिवादात स्थान आहे, ही त्यांची पद्धतिशास्त्रीय भूमिका आजही क्रांतिकारक वाटते. आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेने ती पुरती आत्मसात केलेली नाही. तेथे गीत ‘संकलित’ होते, त्याचे ‘प्रकार’ पडतात, ‘वैशिष्ट्ये’ सांगितली जातात. गीत गाणारी व्यक्ती काही विचार करते आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते.

‘प्रवाह’ या रूपकाची मर्यादा

पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर आदिवासी साहित्य येते ते साधारणतः ‘साहित्यप्रवाह’ या शीर्षकाखाली. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी आणि आदिवासी असे प्रवाह मानून प्रत्येकी एक-दोन कलाकृती नेमल्या जातात. हे रूपक निरुपद्रवी वाटते. परंतु प्रवाह म्हटले की मुख्य प्रवाह गृहीत धरला जातो, आणि उपप्रवाहाची इतिकर्तव्यता मुख्य प्रवाहाला मिळण्यात आहे असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. शासकीय भाषेतील ‘आदिवासींना मुख्य प्रवाहात आणणे’ आणि विद्यापीठीय भाषेतील ‘साहित्यप्रवाह’ ही एकाच विचाराची दोन रूपे होत.

भद्रावती येथे १९७९ मध्ये पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या साहित्याने स्वतःची भूमिका मांडली आहे. १९९० च्या पालघर येथील संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाहरू सोनवणे यांनी साहित्याच्या व्याख्येलाच हात घातला. लिहिले जाते तेवढेच साहित्य, ही समजूत त्यांनी नाकारली आणि गायिल्या, सांगितल्या, नाचल्या जाणाऱ्या आविष्काराला साहित्य म्हणून मान्यता देण्याचा आग्रह धरला. आपण मात्र त्यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहातील कविता नेमतो आणि त्यांच्या सिद्धान्ताची दखल घेत नाही. कवी म्हणून त्यांना प्रवेश आहे. साहित्यशास्त्रकार म्हणून नाही. त्यांची ‘स्टेज’ ही कविता नेमकी याच व्यवहारावर बोट ठेवते. इतरांनी व्यासपीठावर उभे राहून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगावे आणि ज्यांचे दुःख त्यांनी खाली बसून ऐकावे, हा प्रसंग त्या कवितेत आहे. ही कविता वर्गात शिकविताना शिक्षक स्वतः त्या व्यासपीठावर उभा असतो, याची जाणीव झाली नाही तर कविता शिकविली गेली असे म्हणता येणार नाही.

भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ (१९९०) या संग्रहाचे शीर्षकही विचारात घेण्याजोगे आहे. हा शब्द मराठी नाही. तो छोटानागपूरमधील बिरसा मुंडा यांच्या १८९९-१९०० च्या उठावाशी निगडित आहे. विदर्भातील एक कवी आपल्या मराठी संग्रहाला मुंडा परंपरेतील शब्दाचे नाव देतो, तेव्हा त्याच्या कवितेचा नकाशा मराठी साहित्याच्या नकाशाशी जुळत नाही हे तो सांगत असतो. या कवितेचे नाते मुक्तछंदातील पूर्ववर्ती मराठी कवितेशी आहे, तितकेच ते झारखंडातील स्मृतीशी आहे. ‘मराठीतील आदिवासी प्रवाह’ या चौकटीत हे दुसरे नाते दिसत नाही. मग विद्यार्थी दलित कवितेसाठी तयार असलेले ‘वेदना, विद्रोह, नकार’ हे सूत्र घेतो, त्यात ‘निसर्ग’ हा शब्द मिळवितो आणि आदिवासी कवितेची वैशिष्ट्ये लिहून मोकळा होतो. दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रश्नच त्या उत्तराची अपेक्षा करतो.

चौक आणि चित्र : एक उदाहरण

समावेश होऊनही परंपरा कशी हरवते, याचे सर्वांना परिचित उदाहरण वारली चित्रकलेचे आहे. शालेय चित्रकलेच्या तासाला दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मनुष्याकृती काढावयास मुले शिकतात. महाविद्यालयांच्या भिंतींवर, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकांवर ही आकृती दिसते. आदिवासी संस्कृतीचा अभ्यासक्रमात समावेश झाल्याचे हे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणावे लागेल, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

परंपरेने हे चित्र म्हणजे विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर लिहिला जाणारा चौक. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहितात. लिहिणाऱ्या सुवासिनी असतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. विवाहविधी चालविणारी धवलेरी ही स्त्री असून तिच्या गीतांवाचून हा विधी पूर्ण होत नाही. म्हणजे चित्र, गीत, देवता, विधी आणि स्त्रियांचा पौरोहित्याचा अधिकार या पाच गोष्टी तेथे एकत्र नांदतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी हस्तकला विभागाच्या वतीने भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि वारली चित्र कागदावर उतरू लागले. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा असामान्य प्रतिभेचा कलावंत त्यातून जगापुढे आला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही उपलब्धी कमी लेखण्याचे कारण नाही. मशे यांनी चित्राला विधीपलीकडची कथनशक्ती दिली आणि अनेक कुटुंबांना त्यातून उपजीविकाही मिळाली.

परंतु आपल्या शाळेने या साऱ्यातून काय उचलले? केवळ आकृती. धवलेरीचे गीत आले नाही, कारण ते चित्रकलेच्या विषयात बसत नाही. ते भाषेच्या पुस्तकातही आले नाही, कारण ते प्रमाण मराठीत नाही. स्त्रीने विवाह लावण्याची परंपरा समाजशास्त्राच्या पुस्तकात आली नाही, कारण तेथे भारतीय विवाहसंस्थेची चर्चा धर्मशास्त्रातील विवाहप्रकारांपासून सुरू होते. कणसरी या धान्यदेवतेची आख्याने भगत घांगळीच्या साथीने गातो. त्यांतील शेतीविषयक जाणिवेचा विचार विज्ञानाच्या पुस्तकाने केला नाही. एकसंध ज्ञानव्यवहाराचे आपण विषयवार तुकडे केले आणि त्यांपैकी जो तुकडा सजावटीला उपयोगी पडला तेवढा ठेवून घेतला. विषयांची ही विभागणी आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की तीही एका शिक्षणव्यवस्थेची निर्मिती आहे याचा विसर पडतो. वसाहतवादाचा वारसा पाठ्यपुस्तकातील आशयापेक्षा वेळापत्रकातील तासांच्या विभागणीत अधिक घट्ट रुतलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शाळेचे प्रयोग आणि कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे केलेले काम सुपरिचित आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून कुरणशाळा निर्माण झाली. शाळेची जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी मुलाच्या जीवनाप्रमाणे बदलता येतात, हे तिने सिद्ध केले. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठच्या चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे नर्मदा बचाव आंदोलनातून जीवनशाळा सुरू झाल्या. पावरी आणि भिलोरी भाषांत वाचनसाहित्य तयार करणे, गावातील तरुणांनाच शिक्षक करणे आणि गावच्या कथा पाठ्यसामग्री म्हणून वापरणे, ही त्यांची वैशिष्ट्ये होत. कुरणशाळेने शाळेचे स्थळ बदलले, जीवनशाळेने तिची भाषा बदलण्याचा प्रयत्न केला.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभांच्या पुढाकाराने गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. आपल्या परंपरेतील गोटुल या संस्थेचे नाव तिला देण्यात आले. २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या आधारे तिला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न करणे राज्याचे कर्तव्य आहे. २००९ च्या ज्या कायद्याच्या मान्यताविषयक तरतुदीने ही शाळा अनधिकृत ठरते, त्याच कायद्याचे कलम २९ शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. मान्यतेचे नियम मुलांच्या संरक्षणासाठी आहेत आणि त्यांची गरज नाकारता येत नाही. परंतु एक कलम पाळले जाते आणि दुसरे ‘शक्यतोवर’ या शब्दात विरून जाते, तेव्हा कोणते ज्ञान शाळा म्हणविण्यास पात्र आहे, याचा निर्णय आधीच झालेला असतो.

काही आक्षेप

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. आदिवासी पालकांनाच मुलांना मराठी आणि इंग्रजी शिकवावयाची असते, त्यांच्या भाषेचा आग्रह म्हणजे त्यांना मागे ठेवणे होय, हा पहिला आक्षेप. पालकांची आकांक्षा रास्त आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. परंतु मराठी शिकणे आणि गोंडी विसरणे या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. मुलाच्या ओळखीच्या भाषेतून वाचनाचा पाया घातला तर पुढील भाषा अधिक चांगल्या शिकता येतात, हे शिक्षणशास्त्रात सर्वमान्य आहे. आपल्याच मुलांच्या बाबतीत मातृभाषेचे माहात्म्य सांगणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी हा युक्तिवाद नाकारणे तर्कसंगत ठरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंपरेचा समावेश म्हणजे परंपरेचे उदात्तीकरण नव्हे काय? सातपुड्यात स्त्रियांना डाकीण ठरवून छळण्याची प्रथा आहे. तिला देशज ज्ञान म्हणून संरक्षण देता येईल काय? निःसंशय नाही. परंपरेला ज्ञान मानणे याचा अर्थ तिला वादातीत मानणे असा नव्हे. उलट जे ज्ञान असते त्याचीच चिकित्सा होऊ शकते. शोभेच्या वस्तूची चिकित्सा कोणी करीत नाही. नजुबाई गावित यांच्यासारख्या लेखिकांनी बाहेरच्या शोषणाबरोबर आपल्या समाजातील स्त्रीच्या स्थितीचीही चिकित्सा केली आहे. ही अंतर्गत चिकित्सा अभ्यासक्रमात आली म्हणजे उदात्तीकरणाचा धोका आपोआप कमी होतो.

तिसरा आक्षेप बाहेरच्या लेखकांविषयीचा आहे. आदिवासींविषयी आदिवासींनीच लिहावे, असा नियम केल्यास गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक कोठे ठेवावयाचे? वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्याची ही हकीकत लिहिणारी लेखिका त्या लढ्यात सहभागी होती. ते पुस्तक अवश्य शिकवावे. मात्र वारली समाजाचे ते एकमेव पुस्तक म्हणून शिकवू नये. त्या लढ्याच्या वारली घरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी त्याच्या शेजारी ठेवल्या, तर विद्यार्थ्याला दोन कथनांतील अंतर मोजता येईल. ते अंतर मोजणे हेच समीक्षेचे काम आहे.

समारोप

वरील विवेचनाच्या आधारे अभ्यासमंडळांनी विचार करावा अशा काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत गोंडी, कोलामी, कोरकू आणि भिली यांना त्यांच्या भाषाकुलांनुसार स्वतंत्र भाषा म्हणून शिकवावे. यासाठी खर्च येत नाही आणि नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत आदिवासी लेखकांची साहित्यविषयक भूमिका भरत, अॅरिस्टॉटल आणि मर्ढेकर यांच्यासोबत यावी. मौखिक गीत शिकवावयाचे असल्यास मूळ भाषेतील पाठ देवनागरीत आणि त्याखाली मराठी अनुवाद अशी मांडणी असावी. शक्य तेथे गायिकेला किंवा कथकाला तज्ज्ञ म्हणून मानधन देऊन वर्गात बोलवावे आणि व्याख्यात्याप्रमाणेच त्यांचे नाव नोंदवावे. जी गीते विधीशी आणि ऋतूशी बांधलेली आहेत ती छापण्यापूर्वी त्या समाजाची अनुमती घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तो पाळावा. अंतर्गत मूल्यमापनात विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेतील कथनाचे सादरीकरण व विवेचन करण्याची मुभा असावी. दोन श्रेयांकांच्या चौकटीतही एवढे करता येते.

यापलीकडचे काम दीर्घकाळाचे आहे. गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला ‘गोंडवाना’ हे नाव मिळाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. विद्यापीठाच्या नावात एखाद्या समाजाचा प्रदेश येणे ही सुरुवात असते. त्या समाजाची भाषा, त्याचे साहित्यशास्त्र आणि त्याचे प्रश्न सर्वच विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत येणे हे पुढचे पाऊल होय. आदिवासी विद्यार्थी आज आपल्या वर्गांत आहे. तो गप्प बसतो अशी तक्रार शिक्षक-कक्षात वारंवार ऐकू येते. आपण विचारीत असलेल्या प्रश्नांपैकी एका तरी प्रश्नाचे उत्तर त्याला आपल्या घरातून आणता येईल काय, हे प्रत्येक अभ्यासमंडळाने आपला अभ्यासक्रम मंजूर करण्यापूर्वी एकदा पाहावे. उत्तर नकारार्थी असेल, तर त्याच्या मौनाचे कारण त्याच्यात शोधण्याऐवजी आपल्या अभ्यासपत्रिकेत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.